लेक जपानात पडकं घर घ्यायलीय. घेऊ द्यावं का नाही?

माळवदावरचा
राम राम मंडळी. लेक चार वर्षांपासून जपानात नोकरीला आहे. आता म्हणायलीय, नागानोकडच्या एका खेड्यात जुनं लाकडी घर घेते. १९६८ सालचं, दहा वर्षं कुलूपबंद. छप्पर शाबूत, एका खोलीची जमीन खचलेली. मागणी १५ लाख येन, म्हणजे आपले ९ लाखांच्या आत-बाहेर. एवढ्यात लातुरात गुंठाभर जागा दाखवा!
तिकडं अशा ओस घरांना ‘आकिया’ म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली, सातातलं एक. खेड्यातल्या नगरपालिका स्वतःच त्यांच्या याद्या लावतात.
बायको म्हणते, पोरीचं डोकं फिरलंय. मी म्हणतो, घेऊ दे. दुरुस्तीला ८ लाख पाठवायचा विचार आहे. आमच्या वाड्याच्या ओसरीत आज बाभळी उगवल्यात. निदान लेक तरी एखादं जुनं घर उभं करील.

मांजराकाठ
गुरुजी, राग मानू नका. स्वतःच्या वाड्यात बाभळी आणि परमुलखातल्या खोपटाला ८ लाख? ही घराची माया नाही, हे प्रायश्चित्त आहे.
तुम्ही किल्लारी पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ विसरलात का? गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी अंगावर भिंती आल्या. भूकंपापेक्षा दगडमातीच्या घरांनीच जास्त माणसं खाल्ली. आणि जपान म्हणजे तर भूकंपाचं माहेर. तिथं जून १९८१ पासून बांधकामाचे नियम कडक झाले. तुमचं घर १९६८ चं. २०२४ च्या १ जानेवारीला तिथल्या नोतो भागात भूकंप झाला, त्यात जुनी लाकडी घरंच जास्त बसली.

माळवदावरचा
विसरीन कसा? आमच्या गल्लीत मी स्वतः माती उपसलीय. तवा एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ज्यांच्या तुळया सागवानी खांबांवर होत्या, त्यांच्या भिंती बाहेर पडल्या, पण खांब-तुळयांचे खण जागेवर राहिले. आतली माणसं जिती निघाली. ज्यांनी खर्च वाचवायला लाकडं थेट भिंतीवर टेकवली, त्यांच्यावर हातभर मातीचं माळवद, म्हणजे अख्खं छप्पर, आलं. जपानी घर सगळं खांबांवरच उभं असतंय. लाकडाला उगं बदनाम करू नका.

नांदेडची, सध्या कोबे
काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. खांब असतात, पण जुन्या घरांत सरकती दारंच जास्त, धड भिंती कमी, आणि डोक्यावर जड कौलं. आडवा हिसका बसला की घर एका अंगाला कलतं. इलाज आहे: खांबांमध्ये तिरपे आधार, सांध्यांना लोखंडी पट्ट्या, जड कौलं काढून हलका पत्रा. १९८१ आधीच्या लाकडी घरांच्या तपासणीला बऱ्याच नगरपालिका पैसेही देतात. लेकीला म्हणावं, आधी ती तपासणी, मग बयाणा.
आता खचलेल्या जमिनीचं. तिकडं फळ्यांखाली पोकळी असते. कारागिराला बॅटरी घेऊन त्यात सरपटत जायला लावा. वाळवी खांबाच्या बुडाला लागली असेल तर नवीन फळ्या टाकून उपयोग नाही. माझ्या ऑफिसातल्या एकानं आधी स्वयंपाकघर नटवलं. वर्षभरात तेच उचकटून खालचे खांब बदलावे लागले.
आणि बर्फ! नागानोच्या काही भागांत छपरावर चढून तो उतरवावा लागतो. दर हिवाळ्यात त्यात माणसं पडून मरतात. उन्हाळ्यात गवत काढायला अख्खी वस्ती जमते, तिथं तोंड दाखवावंच लागतं. लेकीची नोकरी कुठाय?

माळवदावरचा
टोकियो. दोन दिवस घरून काम करता येतं म्हणाली.

मांजराकाठ
म्हणजे बाकीचे दिवस घर ओस. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकायला घरचं माणूस नव्हतं, म्हणूनच तुमचा वाडा गळून पडला ना? तिथं तरी कोण चढणार?

पेवातली ज्वारी
एवढंच आहे तर इटलीत घ्या की. सिसिलीत १ युरोला घर मिळतंय. चहा महाग पडंल.

कट्टर हिशोबी
१ युरो ही दुकानाबाहेरची पाटी आहे, पोरा. बहुतेक गावं हजारो युरोंची अनामत घेतात, ठरल्या मुदतीत, साधारण ३ वर्षांत, दुरुस्ती केली नाही तर ती जप्त. नोटरीची फी वेगळी.
गुरुजी, तुमच्या पैशाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली (एलआरएस) वर्षाला २.५ लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. अशा कामाला वर्षात १० लाखांच्या पुढं गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर अडकतो. हौसेनं घरावर स्वतःचं नाव मात्र लावू नका. लावलं तर दरवर्षी परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागेल. राहिलं, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. घर ९ लाखांचं, दंड १० चा.
घर घेतलं म्हणून तिथं व्हिसाही मिळत नाही. नोकरी सुटली तर काय?

नांदेडची, सध्या कोबे
विकायचंही सोपं नाही. इथं हिशोबात लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. जुन्या घराला बाजारात जवळजवळ शून्य भाव, किंमत फक्त जागेची. पाडावं तर पाडायचा खर्च, शिवाय घर असलेल्या जागेची करसवलत जाते. म्हणून वारस कुलूप लावून शहरात राहतात. स्वस्ताई आली ती इथून.

सोयरीक
एकटी पोर तिकडं घर घेऊन बसली तर लग्नाचं कसं करायचं, ते कुणी बोलंना.

माळवदावरचा
तो विषय इथं नको, ताई.
मांजराकाठ, तुमचं वाड्याचं बोलणं लागलं. पण वाड्याला ११ वारस आहेत. दोघं पुण्यात, एक हैदराबादेत, एका चुलतभावाशी बोलणं नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव. मी एक कडी बदलली तरी भावकी म्हणंल, वाडा बळकावायलाय. लेकीच्या घराला निदान एकच सही लागते.

नांदेडची, सध्या कोबे
काका, तेवढं गृहीत धरू नका! भावकी इथंही आहे. कित्येक घरं मेलेल्या आजोबांच्याच नावावर. म्हणून तर एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांत वारसनोंद करणं सक्तीचं केलंय. विकणाऱ्याचं नाव नोंदीत आहे का, ते आधी बघायला सांगा.

माळवदावरचा
आत्ताच फोन केला. नोंद घराच्या जुन्या म्हाताऱ्या मालकाच्याच नावावर आहे, विकणारा त्याचा पुतण्या. बाकीच्या दोन भावंडांना विचारून सांगतो म्हणालाय.
हसू आलं. पोर विचारत होती, बाबा, तुम्ही का हसायलात?

मांजराकाठ
फळ्यांखालचे फोटो आले की इथं टाका. पैसे मात्र पाठवू नका अजून. आणि दसऱ्याला गावाकडं आलात तर त्या न बोलणाऱ्या चुलतभावाकडं जाऊ, मी येतो संगट.