मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतर वडिलांना पुन्हा भजनी मंडळात बसवायचं आहे

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही बापू म्हणतो, वय ६८, गाव सातारा जिल्ह्यात. मागच्या दिवाळीत मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आणि उजवं अंग व वाचा एकदमच गेली. आता काठी घेऊन अंगणात फिरतात. बोलणं मात्र अडलंय. समजतं सगळं, पण पाणी हवं असलं तरी "ते... ते..." करत हात दाखवतात.

मध्यंतरी देवळात गजर सुरू झाला आणि घरात बसल्या बसल्या बापूंनी "राम कृष्ण हरी" म्हटलं, स्पष्ट आणि सुरात! आई हातातलं टाकून धावत आली. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात, गाण्याला उजवी बाजूही साथ देते. चालीवर बोलायला शिकवण्याची पद्धत १९७३ पासून आहे म्हणे. "त्यांना भजनाला न्याच," असं त्यांनीच सांगितलं.

बापू जन्मभर टाळकरी. टाळाला दोन हात लागतात, म्हणून डाव्या हातात चिपळ्या दिल्या. ठेका अजून पक्का आहे.

एकादशीला नेलं. मंडळातली माणसं जिवाला जीव देणारी, पण "बापू जेवतात का नीट?" हे बापूंच्या देखत आईला विचारतात. ते शब्द शोधत असतात तोवर तिघं जण वाक्य पुरं करतात. उठवताना मायेनंच उजवा हात धरून ओढतात. त्यानं खांद्याला इजा होते, असं फिजिओंनी बजावलंय. आणि गजर रंगला की बापूंना रडू फुटतं, आवरत नाही. डॉक्टरांच्या मते हा आजाराचाच भाग आहे, दरवेळी दुःख असतंच असं नाही. पण बुवा भजन थांबवतात, "घरी न्या, त्रास होतोय." बापू मान हलवून नको म्हणत असतात, तिकडे कुणाचं लक्षच नसतं. फार जिवाला लागतं हो.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा. मंडळींना न दुखावता कसं समजावलंत? बापूंच्या समोर बोलू की बुवांना एकट्यांना गाठू? बाकी सगळे सतरंजीवर आणि बापू दाराशी खुर्चीत, हेही खटकतं. त्यांची जागा पूर्वी पेटीच्या शेजारी होती. शिवाय भजन रात्री उशिरापर्यंत चालतं, दमले की शब्द आणखी हरवतात, आणि अर्ध्यातून उठायला ते तयार नसतात. यावर काय करता? आषाढीच्या आत जमलं तर फार बरं होईल.