विषय: घरासाठी सुगंधी मेणबत्ती कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच इंग्लंडात, लंडनजवळ स्लाऊला राहायला आलोय. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, थंडीमुळे खिडक्या बंद. संध्याकाळच्या फोडणीचा वास सकाळपर्यंत पडद्यांत असतो. दिवाळीत फराळाला माणसं येणार, म्हणून एक चांगली सुगंधी मेणबत्ती घ्यायची आहे. दुकानात पाच पौंडांपासून साठ पौंडांपर्यंत सगळं दिसतं. सोयाबीनच्या मेणाची घ्यावी की मधमाश्यांच्या मेणाची? आणि मोगऱ्याची चांगली मिळते का?

– स्लाऊहून, नवीन सभासद

*

उत्तर: घरासाठी सुगंधी मेणबत्ती कुठली घ्यावी?

ताई, मंडळात स्वागत. मी घरी मेणबत्त्या ओतते आणि मंडळाच्या दिवाळी मेळ्यात विकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेण कुठलं या प्रश्नावर सगळे अडकतात. मी मात्र आधी वात आणि भांड्याची रुंदी बघते. पहिल्यांदा लावल्यावर वरचं मेण कडेपर्यंत वितळलं पाहिजे. नाहीतर मध्ये खड्डा पडतो, पुढच्या वेळीही मेण तेवढंच वितळतं आणि कडेचं मेण, म्हणजे तुमचे पैसे, तसेच राहतात. रुंदीच्या दर अडीच सेंटीमीटरला साधारण एक तास धरा. साडेसात सेंटीमीटरच्या काचेला तीन तास लागतील. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळायची नसते. त्यामुळे पसरट भांड्यात एकच वात असेल तर ती मेणबत्ती सरळ परत ठेवा, कितीही सुंदर दिसली तरी. मोठ्या भांड्याला दोन-तीन वाती हव्यातच.

काजळीचा दोष लोक पॅराफिनला, म्हणजे खनिज तेलापासूनच्या मेणाला देतात. काजळी धरते ती ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की, किंवा वात लांब झाली की. सोयाची मेणबत्तीही मग काच काळी करते. दर वेळी लावण्याआधी वात सहा मिलिमीटर ठेवून कापा आणि खिडकीच्या झोतात ठेवू नका. 'सोया' मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या मेणबत्तीत पॅराफिनही मिसळलेलं असू शकतं, तेव्हा त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. मधमाश्यांच्या मेणाला स्वतःचाच मधाचा गंध असतो. तो मला फार आवडतो, पण त्यावर मोगरा चढत नाही.

मोगऱ्याबद्दल मनापासून सांगते. खऱ्या मोगऱ्याचा अर्क इतका महाग असतो की मेणबत्तीतला मोगरा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतलाच असतो. त्यात वाईट काही नाही, चांगला बनवलेला असेल तर गजऱ्याची आठवण येतेच. पण थंड मेणाचा वास आणि जळत्या मेणाचा वास वेगळे असतात. दुकानात झाकण उघडून मोहरून जाऊ नका. त्याच वासाची छोटी मेणबत्ती आधी घरी लावून बघा.

फोडणीच्या घरात गोड वास टाळा. हिंग आणि व्हॅनिला एकत्र आले की डोकं धरायची वेळ येते. गवती चहा, लिंबू, संत्रं यांचं जमतं. पण आधी पंखा लावा, दहा मिनिटं खिडकी उघडा, मग मेणबत्ती. वास झाकला तरी तेलकट हवा घरातच राहते.

भांड्याखालचं लेबल उलटून वाचा. इथल्या नियमांप्रमाणे, लिनालूल, लिमोनीन, सिट्रालसारखी ॲलर्जी आणू शकणारी द्रव्यं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असली की तिथे लिहावी लागतात, आणि विकणाऱ्याचा पत्ता व फोनही. घरगुती विक्रेत्यांनाही हे लागू आहे. लेबलच नसेल तर माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका.

– हॅरोच्या काकू

*

उत्तर: घरासाठी सुगंधी मेणबत्ती कुठली घ्यावी?

काकूंचं सगळं पटलं, पण एक राहिलं. फराळाला येणाऱ्यांत कुणाला दमा असेल तर? आमच्या सौ.ना सुगंधी मेणबत्ती असलेल्या खोलीत दहा मिनिटं बसवत नाही. मेण कितीही शुद्ध असो, त्रास सुगंधाचाच होतो. यजमान हौसेने लावतात आणि आम्हाला 'विझवा' म्हणायला संकोच वाटतो. शिवाय ताई, भाडेकरार तपासा. काही करारांत मेणबत्ती लावायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

– रेडिंगहून

*

उत्तर: घरासाठी सुगंधी मेणबत्ती कुठली घ्यावी?

काका, अगदी योग्य. ताई, माणसं येण्याच्या तासभर आधी लावा आणि ती आली की विझवा. पाहुण्यांच्या गर्दीत, मुलांच्या धावपळीत पेटती ज्योत नकोच. फुंकर मारू नका, धूर होतो. झाकण ठेवून विझवा. कुणाला दमा आहे हे आधीच माहीत असेल तर त्या दिवशी सुगंध अजिबात नको, नुसत्या पणत्या बाहेर दारात लावा. घरात मांजर असेल तर टी ट्री तेलाच्या वस्तूही आणू नका.

करारात ज्योत चालत नसेल तर वरून दिव्याची ऊब देऊन मेण वितळवणारे दिवे मिळतात. ज्योत नाही, काजळी नाही. सुगंध मात्र तेवढाच दरवळतो, म्हणून दम्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

गवती चहाची छोटी मेणबत्ती माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीला आणते, घरी लावून बघा आणि मग ठरवा.

– हॅरोच्या काकू