मर्यादवेल, उधाण आणि कुरव : वसंतातल्या किनाऱ्याचे शब्द

मार्च-एप्रिलमध्ये कोकण किनाऱ्यावर निसर्गफेरीला येणाऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. मसुद्यात 'स्प्रिंग टाइड'चं 'वसंत भरती' झालंय, ते खटकतंय. 'मँग्रोव्ह'ला खारफुटी म्हणू, कांदळवन की तिवर? आणि मर्यादवेलीला मर्यादवेल का म्हणतात, हे दोन ओळींत सांगता येईल का?

—

'वसंत भरती' कृपया काढून टाका. त्या इंग्रजी शब्दातला 'स्प्रिंग' म्हणजे उसळणं, ऋतू नव्हे. आपल्याकडे नेमका शब्द आहे : उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येतं ते उधाण, अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग. वर्षभर, दर पंधरवड्याला हे चक्र चालूच असतं. मात्र मार्चमधल्या वसंतसंपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, सुमारास उधाणाचा जोर वाढतो आणि ओहोटीलाही पाणी खूप आत जातं. एरवी बुडालेली खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, तेव्हा उघडी पडतात, म्हणून फेरी त्याच दिवसांत ठेवा. पत्रकात 'उधाणाची ओहोटी' असं सरळ लिहा, किनाऱ्यावरच्या माणसाला ते लगेच कळेल.

—

खारफुटी हा सगळ्या प्रकाराला मिळून वापरायचा शब्द. 'कांदळवन' आता सरकारी मराठीत रुळलाय. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. पण कांदळ आणि तिवर ही वेगवेगळी झाडं आहेत, सरसकट कुणालाही तिवर म्हणू नका. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी चिखलात उतरतात. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं. तिवराच्या भोवती मात्र चिखलातून बोटाएवढी श्वासमुळं वर आलेली दिसतात. तिवराच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागतं, कारण ते झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिप्पी तिसरी. त्यातली पांढरी चिप्पी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. तेव्हा शीर्षकात खारफुटी आणि आत एकेका झाडाचं नाव, असं करा.

—

मर्यादवेलीबद्दल मला दोन ओळींत आवरता येणार नाही! मर्यादा म्हणजे सीमा, हद्द. समुद्र आपली मर्यादा ओलांडत नाही, असं आपण म्हणतोच. नेहमीच्या भरतीची रेघ जिथे संपते, तिथून वरच्या पुळणीवर ही वेल पसरते, म्हणून हे नाव तिला चपखल बसतं. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात आणि वाऱ्यानं पळणारी वाळू ती धरून ठेवते. पान हातात घेऊन बघा : जाड, गुळगुळीत, टोकाशी मधोमध खाच. शास्त्रीय नावात, इपोमिया पेस-काप्री, बकरीचं पाऊल आहे ते या खाचेमुळेच. देठ तोडला की पांढरा चीक येतो. जांभळट गुलाबी फुलं सकाळी उमलतात, ऊन चढलं की मलूल होतात, त्यामुळे फेरी दुपारची असेल तर ती नीट दिसायची नाहीत. बिया पाण्यावर तरंगतात. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी किनाऱ्यांवर ही वेल पोचली आहे ती अशी.

आणि 'बीच' लिहिलं असेल तर तिथे 'पुळण' करा. संस्कृत 'पुलिन'चंच हे रूप, आणि अजून जिवंत आहे.

—

सगळ्यांचे आभार, 'वसंत भरती' काढली. आता पक्ष्यांचं बघू. 'तपकिरी डोक्याचा कुरव' (कुरव म्हणजे सीगल) लिहिलंय, पण आमच्याकडच्या फोटोत डोकं पांढरंच आहे. नाव चुकलंय का?

—

नाव बरोबर आहे, फोटो हिवाळ्यातला असणार. हिवाळ्यात त्याच्या डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका असतो. उत्तरेला, उंचावरच्या तळ्यांकडे विणीसाठी निघण्याआधी डोक्यावर तपकिरी रंग चढतो. मार्चमध्ये एकाच थव्यात पांढरी, अर्धवट रंगलेली आणि पूर्ण तपकिरी डोकी शेजारी-शेजारी दिसतात. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचा वसंत यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. शक्य असेल तर दोन्ही फोटो छापा.

कुरव आणि सुरय यांची गल्लत मात्र टाळा. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, शेपटी बहुधा दुभागलेली. मासा दिसला की वरून पाण्यात सूर मारतो. कुरव अंगानं भरदार, पाण्यावर आरामात तरंगणारा. खडपांवर लांब लालसर चोचीचा काळा-पांढरा पक्षी दिसला तर तो कालवफोड्या. त्याचं नाव ठळक छापा, कारण तोही याच सुमारास परत निघतो आणि एप्रिलच्या शेवटी येणाऱ्यांना बहुतेक दिसणार नाही.