विकत घेऊन वाढलेली कंपनी खरी वाढली का? ॲटलास कॉप्कोच्या निमित्ताने

मुळाकाठ (धागाकर्ता)

मागच्या रविवारी घरातल्या एका कार्यक्रमात दापोडीच्या ॲटलास कॉप्कोचा, म्हणजे हवा दाबून देणारे कॉम्प्रेसर बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीचा, विषय निघाला. एक वडीलधारे म्हणाले, "त्यांचं काय कौतुक? लोकांच्या कंपन्या घेत सुटले आणि मोठे झाले. आयत्या बिळावर नागोबा." मला ते अजिबात पटलं नाही, पण जेवणाच्या पंगतीत नीट मांडताही आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. माझी बावीस वर्षं कारखान्यांच्या युटिलिटी विभागात गेली: कॉम्प्रेसर, चिलर, बॉयलर. या कंपनीत मी कधी नोकरी केलेली नाही.

कंपनी सुरू झाली १८७३ साली स्टॉकहोममध्ये, रेल्वेचं सामान बनवायला. स्वतःच्या कारखान्यात हवेवर चालणारी हत्यारं लागायची, ती बनवता बनवता तोच धंदा झाला. १९१७ मध्ये डिझेल इंजिनं बनवणारी कंपनी तिच्यात मिसळली, आणि १९४८ मध्ये तेच डिझेल त्यांनी विकून टाकलं. हे विकणं लक्षात असू द्या, पुढे त्यावर येतो.

१९५६ मध्ये त्यांनी बेल्जियमची आर्पिक ही कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी घेतली. त्याच वर्षी नाव बदलून ॲटलास कॉप्को झालं. त्यातलं 'कॉप्को' हेसुद्धा एका बेल्जियन कंपनीच्या फ्रेंच नावाचं संक्षिप्त रूप. कॉम्प्रेसरचा कारभार आजही अँटवर्पजवळच्या विलरेइकमधून चालतो, स्टॉकहोममधून नाही. घेतलेल्या घरालाच त्यांनी त्या कामाचं मुख्य घर केलं. ज्याला फक्त गिळायचं असतं तो असं करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

१९८७ मध्ये अमेरिकेची शिकागो न्यूमॅटिक घेतली. तीस-पस्तीस वर्षांनंतरही हायवेवरच्या टायरच्या दुकानात नट खोलणाऱ्या गनवर 'सीपी' हीच अक्षरं दिसतात. नाव पुसलं नाही, डीलर वेगळे ठेवले.

आणि घरातलं संशोधन थांबलं का? तर नाही. १९९४ मध्ये त्यांनी मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रू कॉम्प्रेसर बाजारात आणला. ज्यांनी वीजबिलं भरली आहेत त्यांना याची किंमत कळेल. ७५ किलोवॉटचं यंत्र वर्षाला ६००० तास पूर्ण भारावर चाललं तर साडेचार लाख युनिट. आठ रुपयांनी ३६ लाख. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, बिल दर महिन्याला येतं. हवेची मागणी पाळीपाळीत बदलते तिथे हा खर्च बराच खाली येतो. हे ज्ञान कुणाकडून विकत आणलेलं नव्हतं.

माझ्या मते कंपनी विकत घेणं ही इंजिनिअरिंगइतकीच अवघड विद्या आहे, आणि ती ज्याला साधते त्याच्या वाढीला आयती म्हणू नये. विरोधी मतं जरूर लिहा.

ताळेबंद

मुळाकाठ, लेख चांगला आहे, पण तुम्ही फक्त जिंकलेले डाव सांगितलेत. हरलेले मी सांगतो.

१९९७ मध्ये त्यांनी अमेरिकेत प्राइम सर्व्हिस घेतली आणि १९९९ मध्ये रेंटल सर्व्हिस कॉर्पोरेशन. दोन्ही यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपन्या. दोन्हींचे मिळून सुमारे २५० कोटी डॉलर. यंत्र बनवणं आणि यंत्र भाड्याने देणं हे दोन वेगळे पिंड आहेत. भाड्याच्या धंद्यात सतत नवी यंत्रं घ्यावी लागतात, पैसा अडकतो आणि बांधकाम थंडावलं की सगळं अंगणात उभं राहतं. २००२ मध्ये कंपनीला जवळजवळ ७०० कोटी स्वीडिश क्रोनांचं गुडविल खर्ची टाकावं लागलं. म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर जे जादा पैसे मोजले होते, त्यातले इतके वाया गेल्याचं त्यांनी स्वतःच्याच हिशेबात कबूल केलं.

दुसरं उदाहरण विजेवर चालणारी हत्यारं बनवणाऱ्या मिलवॉकीचं. १९९५ मध्ये घेतली, २००५ मध्ये हाँगकाँगच्या टेकट्रॉनिकला विकली. आज ती लाल हत्यारं जगभर दिसतात. हा बहर टेकट्रॉनिकच्या हातात आला, ॲटलासच्या नाही. दहा वर्षं घरात असलेल्या झाडाला पाणी कुठे घालायचं हेच यांना कळलं नाही. आता सांगा, विद्या साधली होती का?

मुळाकाठ

मिलवॉकीबद्दल पूर्ण मान्य. ते मी लिहायला हवं होतं.

भाड्याच्या धंद्याबद्दल अर्धं मान्य. २००६ मध्ये तोच धंदा त्यांनी सुमारे ३४० कोटी डॉलरला विकला, म्हणजे बुडाले नाहीत. १९४८ लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठीच. आपल्याला जमत नाही ते सोडून देता येणं हा या विद्येचा निम्मा भाग आहे. आणि २०१८ मध्ये तर त्यांनी खाणकामाचा विभागच एपिरॉक म्हणून वेगळा काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकं रॉक ड्रिल आणि सँडविकचं कार्बाइडचं टोक यांची 'स्वीडिश पद्धत' जगभर गेली आणि तिनेच कंपनीला नाव मिळवून दिलं होतं. असं पोटचं मूल वेगळं संसाराला लावलं. आपल्या नाशिकचा ड्रिलिंगच्या सामानाचा कारखानाही तिकडे गेला. असा निर्णय घ्यायला छाती लागते.

ताळेबंद

३४० कोटीत विकला हे खरं, पण मधल्या सात-नऊ वर्षांचं व्याज आणि त्यात घातलेली भर मोजा. तो पैसा आणि ते लक्ष कॉम्प्रेसरमध्ये घातलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच. विकताना दाखवलेलं शहाणपण घेताना का नव्हतं?

भोसरी जे-ब्लॉक

तुमची चर्चा स्टॉकहोम आणि अमेरिकेत चालली आहे. मी जमिनीवरचं सांगतो. वडिलांनी सुरू केलेलं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप मी चालवतो, सात माणसं आहेत.

आता या मोठ्या कंपन्या वर्षाला वीस-तीस खरेद्या करतात, त्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या नसतातच. डीलर, वितरक, सर्व्हिस करणारी छोटी दुकानं घेतात. का? कारण यंत्र एकदा विकलं जातं, पण फिल्टर, सेपरेटर (हवेतलं तेल वेगळं करणारा भाग), तेल, व्हॉल्व्ह किट वर्षानुवर्षं लागतं. ॲटलासच्याच महसुलात सर्व्हिसचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. धागाकर्त्याने 'विद्या' म्हटलं त्यातली मोठी विद्या ही आहे.

माझ्यावर आलेला प्रसंग. कंपनीचं नाव घेत नाही, ती ॲटलास नव्हे. आम्ही ज्या डीलरकडून स्पेअर घ्यायचो तो एका परदेशी उत्पादकाने विकत घेतला. सहा महिन्यांत आमची सवलत बंद. मग नवीन यंत्रांच्या कंट्रोलरला सर्व्हिस कोड आला. सेपरेटर मी बदलायचा, बिल मी करायचं, पण 'सर्व्हिस ड्यू'चा दिवा विझवायला त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन येणार आणि त्याच्या भेटीचे पैसे गिऱ्हाईक देणार. चाकणच्या एका गिऱ्हाइकाने मला तोंडावर सांगितलं, "दोघांना पैसे कशाला देऊ?" अठरा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. त्यात माझ्या कामाची चूक काढायला जागाच नव्हती.

तेव्हा कंपनी वाढली की नाही हे मला विचारू नका. पूर्वी रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला तर कारखान्याला फोन करायला चार नंबर होते. आता एक आहे. याला वाढ म्हणायचं का, ते सांगा.

ऱ्हाइनची सून

मी कोलोनजवळ राहते, व्हॅक्यूम पंपांच्या क्षेत्रातच काम करते. जे-ब्लॉक दादांचं वाचून वाईट वाटलं. तरी मला दुसरी बाजू मांडायची आहे.

कोलोनची लायबोल्ड ही १८५० सालची, व्हॅक्यूम पंप बनवणारी कंपनी. आधी ती ओर्लिकोन समूहात होती. त्या समूहाचा जीव कापडाच्या यंत्रांत आणि धातूवरच्या लेपांत, व्हॅक्यूम हे त्यांचं छोटं अंग. २०१६ मध्ये ॲटलासने ती सुमारे ४८.६ कोटी युरोंना घेतली. दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, इंग्लंडची एडवर्ड्स घेतली होती. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर जे थर चढवतात आणि खोदतात ते निर्वात कक्षात, आणि तो कक्ष रिकामा ठेवणारे पंप हे एडवर्ड्सचं मुख्य काम. त्यामुळे व्हॅक्यूम हा ॲटलासमध्ये कॉम्प्रेसरच्या बरोबरीचा स्वतंत्र विभाग झाला. जिथे आपला विषय कोपऱ्यात पडलेला असतो त्या घरातून तो माजघरात आला, तर त्या विषयाचं भलं होतं. पैसा मिळतो, वरच्या बैठकीत ज्याला पंप कळतो असा माणूस असतो. नाव अजून लायबोल्डच आहे.

पण एक गोष्ट मलाही खटकते, ती लपवत नाही. एडवर्ड्स आणि लायबोल्ड एकेकाळी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. इकडे बुश कंपनीने फायफर व्हॅक्यूमवर ताबा मिळवला. म्हणजे युरोपात जी चार स्वतंत्र दारं होती ती आता दोन घरांची झाली. विद्यापीठातली माझी मैत्रीण पंपासाठी कोटेशनं मागवते तेव्हा तिला हे जाणवतं.

कोंगुनाडू पाटील

कोइमतूरला, म्हणजे कोंगुनाडूत, पंधरा वर्षं आहे, म्हणून हे नाव. इथल्या एल्गी या कॉम्प्रेसर कंपनीचा विषय अजून कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. १९६० पासूनची कंपनी. कॉम्प्रेसरचं काळीज म्हणजे एअरएंड, म्हणजे एकमेकांत फिरणारे ते दोन स्क्रू. ते त्यांनी स्वतः बनवायला शिकून घेतले. स्क्रू घासून आकार देण्यातली अचूकता इतकी बारीक असते की बहुतेक जण तयार एअरएंड आणून बसवतात. एवढं झाल्यावर मग २०१२ मध्ये इटलीची रोटेअर आणि अमेरिकेची पॅटन्स घेतली, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाची पलफोर्ड. आधी घरात चूल, मग दुसऱ्याच्या शेतात पाऊल. हा क्रम मला बरोबर वाटतो.

अजून एक. २००३ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सनी इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली, २००४ मध्ये भारत फोर्जने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस घेतली, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने बोललो की नाही? मीही बोललो, आजही मला तो अभिमान आहे. मग तेच काम स्वीडनच्या माणसाने केलं की बिळाचा नागोबा, हे मला पटत नाही. मोजमाप एकच हवं. आणि त्याच मापाने हेही मान्य करायला हवं की भारत फोर्जने २००५ मध्ये अमेरिकेत लान्सिंगला घेतलेला कारखाना काही वर्षांतच बंद करावा लागला. खरेदी आपली असो की परक्यांची, सगळ्याच लागत नाहीत.

जुना टर्नर

मी निवृत्त आहे, टाइपिंग हळू आहे. एकच मुद्दा.

कामगाराचं काय, हे वरच्या एकानेही लिहिलं नाही. आमचा कारखाना विकला गेला तेव्हा मी शॉप फ्लोअरवर होतो. पगार वेळेवर आला, कॅन्टीन राहिलं. पण अप्रेंटिस शाळा पहिल्याच वर्षी बंद केली. हिशेबात ती खर्च होती. मी त्याच शाळेत वयाच्या सतराव्या वर्षी फाइल धरायला शिकलो. दहा वर्षांनी जुनी माणसं गेली तेव्हा लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारा हात बाहेरून आणावा लागला, तोही कंत्राटी.

उलटंही घडतं. गार्डनर डेन्व्हर ही कॉम्प्रेसरची अमेरिकन कंपनी केकेआर या गुंतवणूकदारांनी २०१३ मध्ये घेतली. २०१७ मध्ये शेअर बाजारात आणताना कामगारांनाही शेअर दिले. २०२० मध्ये इंगरसोल रँडबरोबर ती एक झाली तेव्हा १६,००० हून जास्त कर्मचाऱ्यांना मिळून १५ कोटी डॉलरचे शेअर मिळाले. म्हणजे ठरवलं तर देता येतं. कंपनी विकली जाते तेव्हा तिच्यातला हातही विकला जातो. त्या हाताला काय मिळालं ते आधी विचारा.

मुळाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अप्रेंटिस शाळेचं मला सुचलंच नव्हतं, आणि मी स्वतः आयटीआयच्या मुलांबरोबर आयुष्य काढलंय. चुकलं माझं.

कोंगुनाडू, एकच मोजमाप हवं हे शंभर टक्के मान्य. ऱ्हाइनच्या सूनबाईंनी माजघराचं जे लिहिलं तेच मला मूळ लेखात म्हणायचं होतं, त्यांनी ते जास्त चांगलं मांडलं.

माझं मत पूर्ण बदललं नाही. आर्पिक, एडवर्ड्स, लायबोल्ड यांसारख्या खरेदीत विषय कळणाऱ्या माणसाने विषय जोपासला, असं मी अजूनही म्हणेन. पण डीलर आणि सर्व्हिसची दुकानं घेणं हे मी त्याच तराजूत टाकत होतो, ते चूक होतं. तिथे नवीन काही घडत नाही, फक्त गिऱ्हाइकाचा रस्ता अडतो. जे-ब्लॉक, मी इतकी वर्षं वार्षिक देखभालीच्या करारांवर सह्या केल्या आणि कंट्रोलरचा कोड कुणाकडे राहणार हे एकदाही विचारलं नाही. खरेदी करताना ती अट कारखान्यानेच घालायला हवी.

ताळेबंद

या शेवटच्या वाक्यावर वेगळा धागा काढा. ऑर्डरमध्ये ते कलम नेमकं कसं लिहायचं, हे इथल्या खरेदी विभागातल्या लोकांना उपयोगी पडेल. मसुदा करायला मी मदत करतो.

भोसरी जे-ब्लॉक

कराच. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या मेकचे कंट्रोलर पडून आहेत. कुठल्याला कोड लागतो, कुठल्याला लागत नाही, आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते फोटोसकट देतो. मुळाकाठ, शनिवारी दुपारी वेळ असेल तर वर्कशॉपला या. काकांनाही घेऊन या, दोन पोरं नवीन लागली आहेत, त्यांना लेथ दाखवायला कुणीतरी हवंच आहे.