आशियाचे पारतंत्र्य १४९८ मध्येच सुरू झाले का?

समुद्रवाचक : काल येथे दर्यावर्दी यांनी लिहिले की, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला त्या दिवशीच आशियाचे पारतंत्र्य सुरू झाले. हे वाचून राहवले नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मलिंदीत मिळालेल्या वाटाड्याच्या भरवशावर अरबी समुद्र ओलांडणारा, आणि ज्याने आणलेल्या टोप्या, साखर व मध पाहून सामुरीचे, म्हणजे कालिकतच्या राजाचे, अधिकारी हसले, तो माणूस त्या दिवशी कोणाला अंकित करणार होता? पुढेही गोवा, मलाक्का, होर्मुझ अशी मोक्याची बंदरे पोर्तुगीजांकडे गेली, पण आतला मुलूख विजापूरकरांचा, मोगलांचा आणि इराणच्या सफवींचाच राहिला.

दर्यावर्दी : 'त्या दिवशीच' हे शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही. समुद्रावर सत्ता गाजवायला मुलूख कशाला हवा? पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, जवळ नसलेले गलबत ते लुटत किंवा बुडवत. अकबराच्या आत्या गुलबदन बेगम हजला निघाल्या, तेव्हा बादशहाच्या घरच्या माणसांनाही त्या परवान्यापायी सुरतेत अनेक महिने अडकून पडावे लागले.

रेवदंडेकर : आपण दोघेही आमच्या रेवदंड्याजवळच्या चौल बंदराला वगळून बोलत आहात, याचे मला वाईट वाटते. मार्च १५०८ मध्ये इजिप्तचे मामलुक सुलतान आणि गुजरात यांच्या आरमाराने येथेच पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेइदा याला मारले. त्याचे जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकले होते. माझे आजोबा याच खाडीत खुंटांना बांधायचे डोल जाळे लावत. भरतीच्या ओढीत खुंटाला लागलेली होडी सोडवणे किती जिवावरचे असते, हे मी लहानपणी त्यांच्याबरोबर अनुभवले आहे.

दर्यावर्दी : आजोबांच्या आठवणींनी आरमाराचे बळ मोजता येत नाही. वर्ष उलटण्याआधीच, फेब्रुवारी १५०९ मध्ये, त्याच मुलाच्या बापाने दीवला मामलुक, गुजरात आणि कालिकत या तिघांच्या आरमाराचा धुव्वा उडवला.

रेवदंडेकर : आजोबांविषयी जपून बोला. दीवचा पराभव मी कुठे नाकारला? शाळेत आम्हाला दीव शिकवले, पण शाळेपासून हाकेच्या अंतरावर झालेली चौलची लढाई शिकवली नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी पुन्हा मांडणार.

समुद्रवाचक : चौल माझ्याकडून राहून गेले, ही चूक मान्य. दीवने मोठे आरमार मोडले, हेही नाइलाजाने मान्य करतो. मात्र १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचे एडन बंदर घेता आले नाही, ते तोंड उघडेच राहिले, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच वाटेने मिरी पुन्हा मोठ्या प्रमाणात व्हेनिसला पोहोचू लागली. मग समुद्रावर तरी पोर्तुगीजांची पूर्ण सत्ता कुठे होती? याचे उत्तर दर्यावर्दी यांनी द्यावे.