कंबरदुखीवर इलाज काय: मालकाची मर्जी की कायद्याची सक्ती?

सुपरवायझर, उद्यमबाग
आमच्या बेळगावकडच्या फौंड्र्यांत फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढायचं काम, अजून जमिनीवर उकिडवं बसूनच चालतं. हातात ग्राइंडर, पुढ्यात कास्टिंग, मान खाली. पस्तिशीतली पोरं कंबरेला पट्टा बांधून शिफ्टला येतात. आणि याची नोंद कुठंच होत नाही. जुन्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवायलाच हव्यात अशा रोगांच्या यादीत, सिलिकोसिस (वाळूच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग) होता, शिशाची विषबाधा होती, कंबर-मणक्याचं दुखणं नव्हतं. कामाची उंची, उचलायचं वजन, बसायची सोय या गोष्टी सक्तीच्याच हव्यात.

छोटा कारखानदार, मच्छे
कायदा होताच की ओ. त्याच जुन्या कायद्याचं कलम 34 म्हणायचं, इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नका. कलम 44 म्हणायचं, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्या. त्यानं काय बदललं? मी कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथं, कंबरेइतकी उंच टेबलं केली, साखळीनं वजन उचलायचा चेनब्लॉक बसवला. कुणाची नोटीस आली नव्हती. पोरांच्या दांड्या कमी झाल्या, फुटका मालही कमी झाला. अमेरिकेत नोव्हेंबर 2000 मध्ये असा सक्तीचा नियम निघाला, मार्च 2001 मध्ये रद्द झाला. पुढं त्यांनी धंद्यागणिक ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या. इथं तर रोजचं कास्टिंग वेगळं, सगळ्यांना एकच माप कसं लावणार?

सुपरवायझर, उद्यमबाग
तुम्ही केलंत त्याचा मान आहे, अण्णा. पण शेजारच्या शेडमधल्या पोरानं काय करायचं? आणि अमेरिकेतला नियम चालवून बघितला आणि फसला, असं झालेलं नाही. क्लिंटन जाता जाता आला, बुश आल्यावर गेला. टेबलाची उंची इंचात लिहा असं मी म्हणत नाही. वजनाला तरी आकडा हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला 55 किलोची मर्यादा आहे.

माग चालवणारी, वडगाव
यात आमचा माग कुठं आला? आमच्या घरात मालकही आम्हीच, कामगारही आम्हीच. भरलेला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ) दोघंजण वाकून मागावर चढवतात, मग रात्रभर उभं राहायचं. जुना कायदा विजेवर चालणाऱ्या 10 कामगारांच्या कारखान्यापासून लागू होता, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत ती मर्यादा 20 केली. सक्ती आमच्या दारापर्यंत येतच नाही. बीम उचलायच्या गाडीला अनुदान द्या, तेवढं पुरे.

निपाणीहून
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी हजारावर, त्यात छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, वेगळी. पाय मोकळे करायला उठली की तेवढ्या विड्या कमी. तिच्या गुडघ्यांसाठी स्वखुशीनं खर्च कोण करणार? कारखानदार म्हणतो, काम तुमच्या घरात चालतं. घरी वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली ती 1966 च्या विडी कामगार कायद्यानं, कुणाच्या चांगुलपणानं नव्हे.

छोटा कारखानदार, मच्छे
निपाणीचं पटलं. तिथं कायद्यावाचून कुणी विचारणार नाही. वजनाच्या आकड्यालाही माझी हरकत नाही. पण फौंड्रीत टेबल, हत्यार, पाळी कशी लावायची हे आमच्यावर आणि कामगारांवर सोडा. तपासणीला येणारा फक्त रजिस्टर बघून जाणार असेल, तर चेनब्लॉकचे पैसे कागदांतच जातील.

सुपरवायझर, उद्यमबाग
कामगारांवर सोडा म्हणता ना, मग सुरक्षा समितीत फेटलिंगचा माणूस घ्या आणि त्याच्या सहीशिवाय टेबलाची उंची ठरवू नका. एवढं लेखी द्यायला तयार आहात का?