सोलापूरहून मुंबई, दोन दिवस, पाच माणसं: एवढं बसेल का?

होटगीरोडकर

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मुंबईला जायचं घाटतंय. मी, हे, मुलगा (नऊ), मुलगी (पाच) आणि सासूबाई (सत्तर, गुडघे दुखतात, पण कबूल करत नाहीत). शुक्रवारी रात्रीची सिद्धेश्वर पकडली की शनिवारी सकाळी सीएसएमटी. परतीलाही रविवारी रात्रीची सिद्धेश्वरच. सोमवारी माझा शाळेत पहिला तास असतो, त्यामुळे एक दिवस वाढवायची सोय नाही.

यादी ह्यांनी केलीय: गेटवे, घारापुरी, म्युझियम, तारापोरवाला मत्स्यालय, राणीची बाग, नेहरू विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, जुहू. ह्यांनी मुंबई शेवटची पाहिली ती कॉलेजच्या सहलीत. मुलीची एकच अट, पेंग्विन. मुलाला लोकलमध्ये बसायचंय. सासूबाईंनी काहीच मागितलं नाही. एकदा फक्त भाजी निवडता निवडता विचारलं, "तिथं समुद्राजवळ नुसतं बसू देतात का गं?" त्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही.

खरी अडचण पुढेच आहे. नणंद डोंबिवलीला राहते. लॉजवर उतरलो तर पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. तिच्याकडे उतरलो तर हे सगळं बघायला रोज जाऊन-येऊन. काय करू?

गिरगावची_आत्या

ताई, आधी ह्यांच्या हातातली यादी काढून घ्या.

तारापोरवाला बंद आहे, ते खोडा. जुहू खोडा, तो दुसऱ्या टोकाला आहे. विज्ञान केंद्राला अर्धा दिवस लागतो, ते मुलगा जरा मोठा झाला की. घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो, उतरल्यावर धक्क्यावरून चाल आणि मग शंभरावर पायऱ्या. छोटी गाडी धक्क्यावरून पायथ्यापर्यंतच नेते. डोलीवाले मिळतात, पण ज्या बाई गुडघा दुखतो म्हणत नाहीत त्या डोलीत बसतील का, ते तुम्हीच सांगा.

आता तुम्ही यादीत न घेतलेली गोष्ट. तुमच्या सासूबाईंनी एकच मागणं मागितलंय आणि ते तुम्ही परिच्छेदाच्या शेवटी लिहिलंत. मी ते पहिलं धरते. शनिवारची संध्याकाळ मरीन ड्राइव्ह, दुसरं काही नाही. गेटवेला संध्याकाळी नेऊ नका. पुष्कळ लोक सूर्यास्त बघायला तिथे जातात आणि पाण्याकडे बघत ताटकळतात. गेटवेचं तोंड पूर्वेला, सूर्य मागे ताजच्या बाजूला मावळतो! मरीन ड्राइव्ह पश्चिमेला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा साडेचारलाच जाऊन बसा. गिरगाव चौपाटीच्या टोकाला टॅक्सी सोडलीत तर मुलांना वाळूही मिळेल.

गेटवे सकाळी करा. मुलांना बोटीची हौस असेल तर बंदरातच अर्ध्या तासाची फेरी मारणाऱ्या बोटी असतात. तिथून म्युझियम चालत जाण्यासारखं आहे. पण सगळे मजले बघायचा हट्ट नको, दोन दालनं बघा आणि बाहेर पडा. दुपारी झोपा. मुंबईत येऊन झोपायचं का, असं हे विचारतील. हो म्हणावं.

आणि टॅक्सीचं लक्षात ठेवा. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी मिळते आणि तिच्यात चारच माणसं. तुम्ही पाच. मुलीला मांडीवर घेऊन काही जण नेतात, काही सरळ नाही म्हणतात. रस्त्यावर हुज्जत घालू नका, पुढची बघा.

ठाणे_स्लो

आत्यांनी शनिवार लावला, रविवार मी लावतो. मी रोज कल्याणहून जा-ये करतो, म्हणून हे सुचलं.

शनिवारी रात्री सीएसएमटीजवळ, फोर्टात लॉज घ्या. रविवारी सकाळी सामान घेऊनच बाहेर पडायचं. बाग उघडायच्या वेळेला भायखळ्याला पोहोचा, रविवारी अकरानंतर पेंग्विनच्या रांगेत मुलगी रडणार हे नक्की. हे पेंग्विन 2016 साली सोलहून आणलेले, हम्बोल्ट जातीचे. घारापुरी रद्द झाली म्हणून हे हिरमुसले तर त्यांना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात न्या. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती तिथे उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. जोडून इथेच ठेवला.

तिथून भायखळ्यालाच डोंबिवलीची लोकल पकडा. मुलाची लोकल झाली, दुपारचं जेवण नणंदेकडे, रात्रीपर्यंत गप्पा. तुमची सिद्धेश्वर कल्याणला थांबते, डोंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनं. परत मुंबईत यायचं कारणच नाही. फक्त तिकीट सीएसएमटीपासूनचं काढलं असेल तर बोर्डिंग स्टेशन आधीच कल्याण करून घ्या. नाहीतर गाडीत तुमच्या बर्थवर दुसरं कुणी घोरत असेल.

रविवारी मेगाब्लॉक असतो, शनिवारचा पेपर बघा. फास्ट गाड्या मधल्या टप्प्यात स्लो मार्गावर घालतात, अर्धा तास जास्त धरा.

अजून एक. चढताना बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असं करणार असाल तर कुठे उतरायचं ते चढायच्या आधी ठरवा, लोकल अर्धं मिनिटसुद्धा थांबत नाही. आमच्याकडे पाहुणे आले होते तेव्हा मेहुणा "दादर" ऐकून उतरला, बायको-पोरं पुढे गेली आणि फोन तिच्या पर्समध्ये.

होटगीरोडकर

कल्याणचं डोक्यातच आलं नव्हतं. नणंदेला फोन केला. आधी "रात्री राहणार नाही म्हणजे काय" झालं, मग जेवायला काय करू यावर गाडी आली. म्हणजे मिटलं.

ह्यांना सिद्धिविनायक हवाच आहे. बाकी सगळं सोडलं म्हणतात, एवढं सोडत नाहीत.

ठाणे_स्लो

मग शनिवारी गाडीतून उतरलात की आंघोळी उरकून आधी तेच. मेट्रो 3 आता आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीला बसलात की सिद्धिविनायकलाच उतरायचं, जिने टाळायला लिफ्ट आहे. गेटवे त्यानंतर. मंगळवार नाही ते बरं.

होटगीरोडकर

तिकिटं झाली, परतीचं बोर्डिंग कल्याण. सासूबाईंना सांगितलं, शनिवारची पूर्ण संध्याकाळ समुद्राजवळ बसायचंय. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून विचारलं, "खाली बसायला काही न्यावं लागेल का?"

गिरगावची_आत्या

खाली नाही, कट्ट्यावर बसायचं. पण पाय पलीकडे टाकायचे तर गुडघा वाकवून वळावं लागतं, ते त्यांना करू देऊ नका. कट्ट्यावर आडवं बसवा, मान वळवली की समुद्र. दुपारभर तापलेलं सिमेंट असतं, चादर दुहेरी घाला. चादर कुठली आणायची ते सोलापूरकरांना मी काय सांगू. शाल मात्र वेगळी घ्या, सूर्य बुडला की वारा लागतो.